दोन हातांची फुली

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीला लागून प्लास्टरची खोली आहे आणि गेली अठ्ठावीस वर्षं तिथे एकाच माणसाचं राज्य आहे. त्यांना सगळे प्लास्टरकाका म्हणतात, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा. मोडलेलं हाड जाग्यावर बसवायचं काम डॉक्टरांचं आणि ते तिथेच राहील हे बघायचं काम काकांचं. या दोन कामांत आपलं काम जास्त अवघड, अशी काकांची ठाम समजूत आहे आणि ती त्यांनी कुणापासून लपवून ठेवलेली नाही.

खोली दहा पावलांची. मध्ये उंच टेबल, दोन स्टुलं, भिंतीवर एक्स-रे लावायची उजेडाची पेटी, कोपऱ्यात कोमट पाण्याची बादली. पाणी जास्त गरम झालं तर प्लास्टर हातातच घट्ट होतं, गार राहिलं तर ते घट्ट व्हायला इतका वेळ लागतो की रोगी कंटाळतो, म्हणून ती बादली भरायला काका दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. फरशी कितीही पुसली तरी पांढरी पूड राहतेच. काकांच्या चपलांवर, भुवयांवर, सायकलच्या हँडलवरही ती असते. घरी गेल्यावर बायको त्यांना आधी दाराबाहेर झटकते आणि मग आत घेते.

काकांना विषय दोनच. एक प्लास्टर आणि दुसरा फ्रीस्टाइल कुस्ती. चौकोनी रिंग, चारी बाजूंना दोर, भडक कपडे, मोठमोठी नावं, एकाला लोक डोक्यावर घेणार आणि दुसऱ्याला शिव्यांची लाखोली वाहणार, अशी ती कुस्ती. नवीन आलेला एखादा डॉक्टर चेष्टेने म्हणतोच, "काका, ते सगळं लुटुपुटूचं असतं हो." काका पट्टी गुंडाळता गुंडाळता वरसुद्धा बघत नाहीत. "शेवट ठरलेला असतो डॉक्टर, पडणं खरंच असतं. तुम्ही पाच फुटांवरून फळ्यांवर पाठीवर पडून दाखवा. मी लुटुपुटूचं प्लास्टर घालतो."

हल्लीच्या कुस्तीवर त्यांचा राग आहे. आता टीव्हीवर पैलवान अर्धा तास माइकवर बोलतात आणि चार मिनिटं लढतात, मध्ये आतषबाजी, वर धूर. पूर्वी फळ्यांवर पातळ गादी असायची आणि माणूस पडला की तो आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या पोटात जायचा. पूर्वीच्या खलनायकाला पडायचं कसं हे कळायचं. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, हात पसरून तळव्याने जमीन मारायची. लोक घरात पडतात ते हात टेकवून, म्हणूनच मनगटं मोडून घेऊन येतात, हे काका प्रत्येक रोग्याला ऐकवतात. सत्तर वर्षांच्या आजीबाईंनाही त्यांनी हनुवटी छातीला लावायला शिकवलेलं आहे.

जुन्या सगळ्या पैलवानांच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ. फक्त एकाचं नाव निघालं की काकांना एकदम बादलीतलं पाणी बदलायचं आठवतं. तो पैलवान म्हणजे विंचू. आणि त्याचं कारण काकांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट. तेव्हा काका सव्वीस वर्षांचे होते आणि याच हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. दर हिवाळ्यात शहरात एक कुस्तीची कंपनी यायची आणि मोठ्या क्रीडागृहात महिनाभर दर शनिवारी संध्याकाळी कुस्त्या लावायची. कंपनीला रिंगपाशी प्रथमोपचारासाठी हॉस्पिटलचा एक माणूस लागायचा. इतरांना ती कटकट वाटायची. काका मात्र स्वतःहून नाव द्यायचे, कारण दंडाला पांढरी पट्टी बांधली की रिंगला अगदी चिकटून उभं राहायला मिळायचं. नियम एकच होता आणि तो कंपनीच्या मालकाने पहिल्याच दिवशी समजावून सांगितला होता. रिंगमध्ये कुणी ओरडो, लोळो, रक्ताने माखो, आपण हलायचं नाही. पंचांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली, की मात्र स्ट्रेचर घेऊन धावायचं. बाकी सगळं खेळात मोडतं, ही खूण खेळात मोडत नाही.

विंचू हा त्या कंपनीचा खलनायक आणि काकांचा सगळ्यात लाडका. हे त्यांनी त्या काळी कुणाजवळ कबूल केलं नसतं. विंचवाचा डाव ठरलेला होता. तो पडायचा, गुडघा धरून विव्हळायचा, पंच काळजीने वाकायचे, समोरचा भला पैलवान हात द्यायला पुढे यायचा, आणि विंचू तोच हात धरून त्याला आपटायचा. लोक "ढोंगी, ढोंगी" म्हणून गळा फाडून ओरडायचे. आदल्याच वर्षी एका उत्साही स्वयंसेवकाने खुणेची वाट न बघता स्ट्रेचर घेऊन धाव घेतली, तेव्हा विंचवाने त्यालाच स्ट्रेचरवर आडवं टाकून रिंगभर फिरवलं होतं. क्रीडागृह हसून हसून बेजार झालं होतं. तो बिचारा नंतर महिनाभर हॉस्पिटलात तोंड लपवून फिरत होता.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी विंचवाची कुस्ती पोलादशी होती. पोलाद म्हणजे लोकांचा हिरा. विंचू वरच्या दोरावर चढला, उडी मारली, पोलाद बाजूला सरला आणि विंचू गुडघ्यावर पडला. तो पालथा पडून ओरडायला लागला. लोकांनी उभं राहून "ढोंगी" सुरू केलं. पोलाद पाठ फिरवून हात उंच करत दोरांपाशी फिरत होता. पंच वाकले, विंचवाच्या तोंडाशी कान नेला, आणि उठून थेट काकांच्या कोपऱ्याकडे आले. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली.

काकांनी ती पाहिली, अगदी स्पष्ट पाहिली. आणि त्यांच्या मनात आलं, वा, या वर्षी यांनी खूणसुद्धा खेळात घेतली. इतकी वर्षं कुस्ती बघितलेली, आपल्याला कोण बनवणार? ते गालात हसले आणि जागचे हलले नाहीत. पंचांनी पुन्हा फुली केली, या वेळी हात इतके आवळून की मनगटं थरथरली. तेव्हा काकांची नजर विंचवाच्या पावलाकडे गेली. पाऊल भलत्याच दिशेला वळलं होतं आणि पांढरं पडत होतं. ढोंग करून पाऊल पांढरं पाडता येत नाही, हे वॉर्डबॉयलाही कळतं. काकांना कळलं. पण मागे हजारो लोक हसत होते, ओरडत होते. आपण धावलो आणि तो टुणकन उठला तर? ते तिथेच उभे राहिले. तेवढ्यात पंचांच्या पाठीमागे पोलाद वळला. या खेपेला फसायचं नाही, उलट ढोंग्याचाच पाय धरून मुरगळायचा, असं त्या दिवशीचं ठरलेलं होतं. त्याने ठरल्याप्रमाणे तो पाय धरला आणि मुरगळला. स्ट्रेचर वर आलेलं दिसलं असतं, तर त्याने हात लावला नसता.

विंचू त्यानंतर रिंगमध्ये कधी उतरला नाही. कुस्तीच्या वेळी मालक तिकीटखिडकीपाशी होता आणि लोकांना त्या खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने चौकशी केली. पंच म्हणाले, मी दोनदा खूण केली. मालकाने काकांकडे बघितलं. "मी बघत होतो. खूण झाली नाही," काका म्हणाले. एवढंच. बाहेरच्या माणसाला खोटं बोलायचं कारण काय, असा मालकाने विचार केला आणि सगळं खापर पंचांच्या डोक्यावर फोडून त्यांना कामावरून काढून टाकलं. काका घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. पुढे तीन वर्षांनी प्लास्टरखोलीत जागा रिकामी झाली, तिथे त्यांनी अर्ज केला. कुणी याला प्रायश्चित्त म्हणेल. काका तसं म्हणत नाहीत. इतक्या स्वस्तात सुटका होत नाही, हे त्यांना माहीत आहे.

परवाच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक धिप्पाड म्हातारा काठी टेकत आत आला. बरोबर त्याची मुलगी होती. डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, उजवं मनगट सुजून वाकडं झालं होतं, आणि दोन्ही कान चुरगळलेले होते. कागदावरचं नाव काकांच्या ओळखीचं नव्हतं. कान ओळखीचे होते, रिंगपाशी उभं राहून कित्येकदा पाहिलेले. हातातली पट्टीची गुंडाळी खाली पडली, ती उचलायला काकांना जरा वेळच लागला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, हाड ओढून बसवलं आणि ते पुढच्या रोग्याकडे गेले. काकांनी मुलीला वडिलांचं कोपर धरायला सांगितलं. कापूस गुंडाळला, ओली पट्टी फिरवली, आणि मनगट दोन्ही हातांत धरून बसले. प्लास्टर ओलं असताना बोटांनी दाबायचं नसतं, आत खड्डे पडतात आणि ते पुढे कातडीला टोचतात. तळव्यांनी धरायचं, आणि ते घट्ट होईपर्यंत सोडायचं नाही.

"कसे पडलात?" काकांनी विचारलं. सगळ्यांना विचारतात तसंच.

"न्हाणीघरात. हात टेकला आणि मनगट गेलं." म्हातारा ओशाळला. "उभा जन्म लोकांना पडून दाखवलं आणि घरात काही धड पडता आलं नाही."

"बाबा कुस्तीत होते," मुलगी म्हणाली. "त्या रिंगमधल्या."

"माहीत आहे," काका म्हणाले. "विंचू."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. किती वर्षांनी कुणी त्या नावाने हाक मारली होती. मग दोघे बोलत बसले. फळ्यांचा आवाज, दोरांनी पाठीवर उठणारे वळ, हल्लीची माइकवरची बडबड. कितीतरी बाबतीत दोघांचं मत एक निघालं. एरवी या गप्पांसाठी काकांनी एक महिन्याची रजा टाकली असती. आता त्यांची नजर सारखी त्या न वाकणाऱ्या पायाकडे जात होती.

"पाय त्या शेवटच्या कुस्तीतला?" त्यांनी विचारलं. न विचारताही भागलं असतं.

"हो. लोक पोलादला बोल लावतात. त्याचा काय दोष? ठरलं होतं तेच त्याने केलं. अजून येतो भेटायला, माझ्या पायाकडे बघून रडतो, मीच त्याला चहा पाजून समजूत काढतो." म्हातारा थांबला. "दोष पंचाचा. बारा वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. माझं खरं विव्हळणं कुठलं आणि खोटं कुठलं, हे त्याला झोपेतही कळायचं. मी त्याच्या कानात सांगितलं, गुडघा गेला, खूण कर. तो उठून गेला. मी पालथा पडलेलो, मला नुसते त्याचे बूट दिसले. आणि म्हणे खूण केली. हॉस्पिटलचा माणूस तिथेच उभा होता, त्याने सांगितलं नाही केली म्हणून. त्याला काय पडलं होतं खोटं बोलायला?"

काकांनी ओल्या प्लास्टरवर तळवे पुन्हा नीट बसवले.

"मागच्या महिन्यात पंचकाकांच्या मुलीचा फोन आला होता," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. "फार आजारी आहेत. अंथरुणाला खिळलेत. एकदा बाबांशी बोलायचं म्हणतात. बाबांनी फोन बंद केला."

"मला नाही बोलायचं," म्हातारा म्हणाला. "एवढं करून वर खोटं बोलला तो. ते मला सहन झालं नाही."

प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की गरम होतं. ती ऊब काकांच्या तळव्यांना जाणवायला लागली. सहा आठवड्यांनी हा माणूस प्लास्टर कापायला परत येणार, हे त्यांच्या मनात आलं. तेव्हा सांगू. तेव्हा हात बरा झालेला असेल, मन शांत असेल. एकतीस वर्षं थांबलो, सहा आठवड्यांनी काय बिघडतं? पण तिकडे अंथरुणावरच्या माणसाजवळ सहा आठवडे आहेत की नाहीत, कोण सांगणार? हॉस्पिटलात उभी हयात गेलेली. फार आजारी या शब्दांचा अर्थ काकांना चांगलाच ठाऊक होता. त्यांना भीती वाटत होती, आणि आपण आत्ता गप्प बसलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही, याची त्याहून जास्त भीती वाटत होती.

"पैलवान," ते म्हणाले, "तो हॉस्पिटलचा माणूस मीच."

म्हाताऱ्याने काकांचा चेहरा निरखून बघितला.

"पंचांनी फुली केली होती. माझ्याकडे बघून केली. मी आलो नाही, आणि मालकासमोर खोटं बोललो."

मुलीने कोपर धरलेला हात सैल सोडला. काका तिला घट्ट धर म्हणाले नाहीत, पण तिने आपणहून पुन्हा धरलं. म्हातारा हात मागे ओढायला लागला.

"हात हलवू नका," काका म्हणाले. "अजून दोन मिनिटं." असं म्हणायची त्यांना लाज वाटली, पण हाड सरकलं असतं.

म्हाताऱ्याने हात हलवला नाही. "तुला कळलं नव्हतं?" त्याने विचारलं. इतका वेळ तो तुम्ही म्हणत होता.

हा प्रश्न काकांनी स्वतःला हजारदा विचारला होता आणि दर वेळी कळलं नव्हतं असं उत्तर देऊन स्वतःची सोडवणूक केली होती.

"पहिल्या वेळी नाही. मला वाटलं, खेळातच आहे. दुसऱ्या वेळी कळलं होतं. तुमचं पाऊल दिसलं मला."

"मग?"

"लोक हसतील म्हणून उभा राहिलो."

"हसतील म्हणून," म्हातारा म्हणाला.

"हो."

बाहेर कुणीतरी चाकांची खाट ढकलत नेली. तिचा आवाज दूर गेला. प्लास्टर गरम झालं, मग हळूहळू निवायला लागलं. काकांनी नखाने टिचकी मारून बघितलं. टणक आवाज आला, तेव्हा त्यांनी हात सोडले. म्हाताऱ्याने मनगट ओढून छातीशी घेतलं आणि तो जमिनीकडे बघत बसला. तो आपल्याला काठी हाणेल असं काकांना वाटलं. हाणली असती तर बरं वाटलं असतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला त्याने उजवा हात वर नेला आणि प्लास्टर गालाला लागलं, तेव्हा मुलीने पदराने त्याचा चेहरा पुसला.

"तीन पत्रं आली होती त्याची," तो म्हणाला. "मी उघडली नाहीत. न फोडता परत पाठवली."

"बाबा, राहू दे आता."

"तो नंबर आहे तुझ्याकडे?"

मुलीने पर्समधून फोन काढला, मागच्या महिन्यातला नंबर शोधला आणि तो वडिलांपुढे धरला. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली.

"मी कुठल्या तोंडाने बोलू? एकतीस वर्षं मी त्याला खोटारडा म्हणत आलो." त्याने काकांकडे बोट केलं. "आधी हा बोलेल. आवाज मोठा कर, मला ऐकू आलं पाहिजे."

काकांनी हात कोटाला पुसले आणि फोन घेतला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग एका बाईने उचलला, कोण म्हणून विचारलं, काकांनी हॉस्पिटलातून बोलतोय म्हणून सांगितलं आणि तुमच्या वडिलांना द्या म्हणाले. खूप वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती. उशी सरकवल्याची, पाण्याचा पेला बाजूला ठेवल्याची. शेवटी एक बारीक, दमलेला आवाज आला.

"कोण?"

"पंच, मी त्या दिवशी स्ट्रेचरपाशी उभा होतो तो. दंडाला पांढरी पट्टी बांधलेला."

काका शिव्यांची वाट बघत उभे राहिले. शिव्या आल्या नाहीत.

"बरं झालं फोन केलात," तो आवाज म्हणाला. "मला तुम्हालाच एक विचारायचं होतं. बाकी कुणाला विचारून उपयोग नाही." मध्ये तो दम घ्यायला थांबला. "सगळे म्हणाले नाही केली. मालक म्हणाला, विंचूही तसंच म्हणाला. पहिली काही वर्षं मला पक्कं आठवायचं. आता डोळे मिटले की हात वर गेलेले दिसतात, पण ते खरंच गेले होते की मी नंतर मनाने घातलं, तेच समजत नाही. मी खूण केली होती का हो?"

काकांनी समोर बघितलं. विंचू काठी टाकून स्टुलावरून उठला होता आणि वाकत नसलेल्या पायावर भार देऊन उभा होता.

"केली होती, पंच," काका म्हणाले. "दोनदा केली होती. मी दोन्ही वेळा पाहिली."

विंचवाने डावा हात पुढे केला आणि काकांनी फोन त्याच्या हातात दिला.